अर्धवट खाल्लेली पानं

कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची शीट पडली आहे असं समजून मी ती पुसायला गेले, आणि ती शीट चालू लागली.

तीन पावसाळ्यांपूर्वीची ही गोष्ट. गॅलरीतल्या कुंडीवर वाकून पाहिलं तर ती अळी होती. बोटाच्या अर्ध्या पेराएवढी, काळपट तपकिरी, मधोमध पांढरा ओघळ आणि वरून ओलसर चकाकी. कीटकनाशकाची बाटली पायाशीच होती. पानाला भोक दिसलं की फवारायचं, एवढंच माझं बागकामाचं शिक्षण. पण फवारण्याआधी उगीच एका काडीने तिला डिवचलं. डोक्यामागून लालसर, दुभंगलेलं शिंग फटकन बाहेर आलं, सडक्या लिंबासारखा उग्र वास सुटला आणि शिंग पुन्हा आत गेलं. मी बाटली खाली ठेवली. दया वगैरे काही नव्हती ती. आता पुढे काय होतं ते बघायचं होतं.

फोटो काढून आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर टाकला. तासाभरात कुणा अनोळखी माणसाने नाव सांगितलं, लाइम बटरफ्लाय. या फुलपाखराची मादी लिंबाच्या कुळातली झाडं शोधून अंडी घालते. लिंबू, कढीपत्ता, बेल. कोवळ्या पानावर एकेकटं अंडं, मोहरीच्या दाण्याएवढा पिवळसर मणी. लहानपणी अळी शिटेचं सोंग घेऊन उघड्यावर बसते, कारण शीट कोण खाणार? चौथ्यांदा कात टाकली की सोंग संपतं. मग ती हिरवीगार होते आणि पानांत मिसळून जाते.

आणि तिची भूक सुटते. सुटते म्हणजे काय, सकाळची भरलेली फांदी संध्याकाळी नुसती काडी. कुंडीखाली लेंड्यांचा सडा. घरातून विचारणा झाली की झाड जगवायचंय की अळी? मी म्हटलं, बघू. एके दिवशी अळी गायब. बुलबुलाने नेली असं धरून चालले, तर दोन दिवसांनी गॅलरीच्या गजाला कोष दिसला. शेपटाकडून चिकटवलेला आणि कमरेभोवती रेशमाचा एकच धागा. खांबावर चढलेला वायरमन कमरेचा पट्टा अडकवून मागे रेलतो ना, अगदी तसा. अकराव्या दिवशी सकाळी मी दात घासत उभी असताना कोष उकलला. पंख चुरगळलेल्या ओल्या कागदासारखे. तासभर उलटं लटकून त्याने ते सरळ केले आणि उडून गेलं. कढीपत्त्याला पंधरा दिवसांत नवी पालवी फुटली. म्हणजे दोघंही जगले.

झालं, मला नाद लागला. पुढच्या खेपेला तीन अळ्या होत्या. त्यातल्या दोन मी काचेच्या बरणीत ठेवल्या, वर जाळीचं कापड बांधलं, रोज ताजी पानं घातली. पक्ष्यांपासून वाचवायच्या होत्या. एकीचं फुलपाखरू झालं. दुसरीचा कोष दिवसेंदिवस तपकिरी पडत गेला आणि एका सकाळी त्याला टाचणीने पाडावं तसं भोक दिसलं. बरणीत हिरवट झाक असलेल्या, डोळ्यांत भरणारही नाहीत इतक्या बारीक माश्या. पन्नास तरी असतील. त्या परजीवी गांधीलमाश्या होत्या. जाळीच्या भोकांतून शिरून, अळी कात टाकून मऊ कोष होत असताना, एखादी मादी त्यात अंडी घालून गेली असणार. पक्षी अडवणारी जाळी पुरेशी आहे, हा माझा शहाणपणा तिथेच चुकला होता. मला इतका राग आला! फुलपाखरांचा पुष्कळ वर्षांचा नाद असलेल्या ओळखीच्या एका काकांना मी फोन करून तक्रारच केली. ते शांतपणे म्हणाले, "अगं, त्यासुद्धा इथल्याच आहेत."

हे वाक्य डोक्यात बसलं. तोवर मी फुलपाखरू वाचवत होते, म्हणजे मला सुंदर दिसणारं एक पात्र निवडून बाकीच्यांना खलनायक ठरवत होते. याच बारीक गांधीलमाश्या नसत्या तर कढीपत्त्याला पान उरलं नसतं. बरणी धुऊन ठेवून दिली. त्यानंतर एकही अळी घरात आणलेली नाही.

आमच्या इमारतीमागे, टाकी आणि कंपाउंडची भिंत यांच्या मध्ये, चाळीस पावलं लांबीची एक पट्टी आहे. गॅलरीतून रोज दिसायची, पण पाहिली कधी नव्हती. तिचा वर्षाचा कार्यक्रम ठरलेला. पावसाळ्यात उगवेल ते तणनाशक मारून जाळायचं, हिवाळ्यात पाला झाडून पेटवायचा, उन्हाळ्यात रखरखीत माती आणि त्यावर फुटक्या फरश्या. मी सोसायटीकडून ती पट्टी 'बाग करायला' मागून घेतली. बाग म्हटल्यामुळे लगेच मिळाली. 'काही न करायला द्या' म्हटलं असतं तर नक्की मिळाली नसती.

पहिलं वर्ष मी वाया घालवलं. नर्सरीत जाऊन 'फुलपाखरं येतील अशी' रोपं मागितली. त्याने दिली ती घाणेरीची रंगीत बुटकी जात, आणखी दोन-तीन परदेशी फुलझाडं. फुलपाखरं आली खरी. रस प्यायली आणि गेली. अख्ख्या मोसमात एक अंडं नाही. काकांनी बघितलं आणि हसले. "हे हॉटेल झालं. बाळंतपणाला माहेर लागतं." घाणेरी मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, शोभेसाठी आणलेली आणि मग जंगलंच्या जंगलं व्यापून बसलेली. तिच्या फुलांवर ताव मारणारे पुष्कळ, पण पानं खाणारे जवळपास नाहीत, आणि तिचं फावतं ते त्यामुळेच. पान खाल्लं जाणं हा झाडाचा दोष नसून त्याची इथली ओळखपाळख आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं. प्रत्येक झाड आपल्या पानांत काही ना काही विष, चीक, कडवटपणा ठेवून असतं. ते पचवायला एखाद्या किड्याच्या असंख्य पिढ्या जातात. ज्याने रुईचा चीक पचवला तो रुईवरच येणार, त्याला जास्वंद दाखवून उपयोग नाही.

म्हणून रुई मागायला पुन्हा नर्सरीत गेले. नर्सरीवाला म्हणाला, "ताई, रुई विकत कोण घेतं? रस्त्याच्या कडेला बघा." बघितली. बोंडं उकलून म्हाताऱ्या उडत होत्या, त्यातल्या बिया गोळा केल्या आणि पट्टीच्या उन्हाच्या टोकाला पेरल्या. बाकी काहीच केलं नाही. तणनाशक बंद, कोयता बंद. पहिला जोरदार पाऊस झाल्यावर आठ दिवसांत टाकळा वर आला. मागून घोळ, केना, आघाडा आणि नावं माहीत नसलेली चार प्रकारची गवतं. यातलं एकही मी लावलं नव्हतं. बिया मातीत पडूनच होत्या, दरवर्षी उगवत होत्या आणि दरवर्षी आम्ही जाळत होतो.

टाकळ्यावर श्रावणात पिवळी धमक लहान फुलपाखरं भिरभिरू लागली, कॉमन ग्रास यलो. त्यांच्या अळ्या टाकळ्याची पानं खातात. पांढरट हिरव्या मॉटल्ड एमिग्रंटही तिथेच. घोळीवर डनाइड एगफ्लायची मादी घिरट्या घालताना दिसली आणि मी तिला प्लेन टायगर नावाचं दुसरंच फुलपाखरू समजले. तिचं सगळं आयुष्य याच गैरसमजावर चालतं. प्लेन टायगरची अळी रुई खाऊन तिचं विष अंगात साठवते, त्यामुळे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. एगफ्लायच्या मादीच्या अंगात विष नाही, नुसता पोशाख चोरलेला. म्हणजे रुई आणि घोळ, दोन बिनकामाची तणं, आणि त्यांच्यामध्ये ही एवढी फसवाफसवी. रुईवर मग पिवळ्या माव्याची दाटी झाली. मी हात बांधून बसले. बसणं अवघड होतं, खोटं कशाला सांगू. तीन आठवड्यांत ढालकिडे आले, त्यांच्या मगरीसारख्या दिसणाऱ्या काळ्या अळ्यांनी मावा फस्त केला. फवारलं असतं तर मावा काही दिवसांत परत आला असता, ढालकिडे मात्र आले नसते.

पण 'सगळं उगवू द्या' हेही खरं नाही. गाजरगवत मी दिसेल तिथे उपटते. हेही अमेरिका खंडातून आलेलं. पुण्यात १९५० च्या दशकात ते नजरेत भरलं आणि तिथून देशभर पसरलं. एका झाडाला हजारो बिया येतात, म्हणून फुलण्याच्या आधीच मुळासकट काढायचं आणि हातमोजे घालूनच, नाहीतर अंगावर पुरळ उठतं. मी एकदा उघड्या हातांनी काढलं होतं, आठवडाभर खाजवत बसले.

तक्रार यायची ती आलीच. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. "बाग म्हणून घेतली आणि रान करून ठेवलंय. अळ्या, डास, उद्या साप येतील." मी तयारी करून गेले होते. जर्मनीतला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगितला. तिथल्या ६३ संरक्षित क्षेत्रांत सापळे लावून पकडलेल्या उडत्या कीटकांचं एकूण वजन २७ वर्षांत पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त घटलेलं आढळलं, आणि तेही संरक्षित जागांत. सभागृह शांत. मला वाटलं परिणाम झाला. मग एक जण म्हणाले, "पण कीटक कमी झाले तर चांगलंच की." टाळ्या त्यांनाच मिळाल्या.

आकड्यांनी माणूस हलत नाही हे मी त्या संध्याकाळी शिकले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या चार पोरांना रुईजवळ नेऊन प्लेन टायगरची अळी दाखवली. काळे-पांढरे-पिवळे पट्टे आणि अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. बस चुकायची वेळ आली. त्या संध्याकाळी आया आल्या, रविवारी बाप आले. पुढच्या मीटिंगला काकू सोडून कुणी बोललं नाही.

काकूंचं म्हणणं मात्र मी झटकून टाकलं नाही, कारण अर्धं बरोबर होतं. येण्याजाण्याच्या वाटेला लागून आणि इमारतीच्या भिंतीला लागून मीटरभर रुंदीची पट्टी आता आम्ही नेहमी कापलेली आणि झाडलेली ठेवतो. रात्री तिथून चालताना टॉर्च वापरायचा, पाल्यात हात घालायचा नाही, हे मुलांना सांगून ठेवलंय. धामण एकदा आली, म्हणजे आधीही येत असणार, टाकीजवळ उंदीर होते. कचऱ्याचे डबे झाकले तेव्हा उंदीर कमी झाले आणि तीही दिसेनाशी झाली. आणखी एक गंमत कळली. कडा नीट कापलेल्या असल्या की आतला पसारा लोकांना मुद्दाम ठेवलेला वाटतो. तोच पसारा, तीच टाकळ्याची झुडपं, पण कडेला विटांची ओळ लावल्यावर पाहुणे विचारू लागले, "कोणी डिझाइन केलं?"

पाला जाळणं बंद करायला माळीकाकांना पटवावं लागलं. त्यांच्या दृष्टीने झाडलेलं अंगण म्हणजे केलेलं काम. पाला तसाच पडलेला दिसला तर सेक्रेटरी त्यांनाच बोलणार, मला नाही. म्हणून सेक्रेटरींकडून लेखी घेतलं आणि माळीकाकांच्या हातात दिलं. आता पाला मागच्या भिंतीशी ढीग करून ठेवतात. पहिल्या वर्षी तो नुसता ढीग होता. दुसऱ्या पावसाळ्यात वरचा थर बाजूला केला तर खाली काळी, भुसभुशीत, पावसाच्या वासाची माती, गांडुळं, वाणी, गोगलगायी, आणि माझ्या हाताला हुलकावणी देऊन सळकन आत गेलेली एक सापसुरळी. दयाळ पक्षी तिथे ठाण मांडून बसतो. पाला उलटापालटा करायला त्याला कुणी शिकवलं नाही, तरी माळीकाकांपेक्षा बारकाईने करतो.

एक कोपरा मात्र उघड्या मातीचाच ठेवला आहे, पालाही नाही, गवतही नाही. याची सूचना फुलपाखरांचा नाद असलेल्या त्या काकांचीच. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती आहेत आणि पोळं करून एकत्र राहणाऱ्या त्यांतल्या थोड्याच. बहुतेक माद्या एकेकट्या राहतात आणि त्यातल्या बऱ्याचशा जमिनीत बीळ करून अंडी घालतात. सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवले की त्यांना जागाच उरत नाही. त्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या जाडीची भोकं दिसतात, कडेला बारीक मातीची कड. पानं कापणारी माशी मात्र दुसरीकडे राहते. तिने बोगनवेलीच्या पानांना इतके सुबक गोल घास घेतले आहेत की कुणी पंचिंग मशिन मारलंय असं वाटावं. त्या गोल तुकड्यांनी ती आपल्या पिल्लांच्या खोल्या विणते. गेल्या वर्षी फुलोरी मधमाशीचं तळहाताएवढं पोळं कण्हेरीच्या फांदीला लागलं तेव्हा पेस्ट कंट्रोलला फोन गेला होता. मी पळत जाऊन थांबवलं. फुलोरी लहान आणि बऱ्यापैकी शांत, तिला छेडलं नाही तर ती वाटेला जात नाही. फांदीभोवती सुतळी बांधून पाटी लावली. तीन महिन्यांनी त्या आपल्या आपण निघून गेल्या. आग्या असता तर मी हा धीर केला नसता, आणि कुणी करूही नये. तिथे जाणकारच बोलवावा.

सगळ्यात जिव्हारी लागलं ते छाटणीचं. दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी, पावसाच्या आधी, झाडांची छाटणी व्हायची. पहिल्या वर्षी मी ऑफिसातून आले तेव्हा आपोआप उगवलेलं बदामाचं रोप बुंध्यापासून कापून ढिगाऱ्यावर टाकलं होतं. त्यात शिंपी पक्ष्याचं घरटं होतं. एक मोठं पान वळवून, कडेला चोचीने भोकं पाडून, कापसाच्या आणि कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी टाचलेलं. प्रत्येक टाक्याला बाहेरून बारीकशी गाठ आल्यासारखी दिसत होती. आत मऊ कापूस आणि तीन अंडी, एक फुटलेलं. नर आणि मादी शेजारच्या कुंपणावर ओरडत होती. एवढासा पक्षी, आवाज केवढा. कापणाऱ्याला दोष देऊन उपयोग नव्हता. त्याला तारीख आम्ही दिली होती.

आमच्याकडचे बरेचसे लहान पक्षी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात घरटी करतात. शिंप्याला अंडी घालून पिल्लं उडून जाईपर्यंत साधारण महिना लागतो. म्हणजे छाटणी पावसाआधी न करता हिवाळ्यात केली तर निम्मा प्रश्न सुटतो, आणि खर्च तेवढाच. आता आमची छाटणी डिसेंबरात होते. मेमध्ये फक्त खरोखर धोकादायक फांदी पाडतात, तीही आधी दहा मिनिटं खाली उभं राहून, पक्षी चोचीत काही घेऊन ये-जा करतोय का ते बघून. आतापर्यंत जे काही केलं त्यात सगळ्यात मोठा फरक पडला असेल तर तो या एका तारखेने. झाड लावल्याचं जसं कौतुक होतं तसं याचं कुणी केलं नाही.

पाण्याच्या भांड्यात मी स्वतः तोंडावर आपटले. उथळ मातीचं भांडं, त्यात दगड ठेवलेले, म्हणजे मधमाश्या बुडू नयेत. सगळं पुस्तकी. चार दिवस गावाला गेले. परत आले तर डासांच्या अळ्या तपासायला आलेल्या आरोग्य कर्मचारी बाई माझ्याच भांड्यात टॉर्च मारून उभ्या. काकूंच्या समोर. आता रोज पाणी ओतून टाकते आणि दिवसाआड काथ्याने घासते. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण एडिस डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून सुकल्यावरही जगतात. बाहेरगावी जायचं असेल तर भांडं पालथं. कुणी सुचवलं की त्यात गप्पी मासे सोडा. भांड्यात एक वेळ ठीक, पण हेच मासे पुढे तळ्यात-ओढ्यात पोचतात आणि तिथल्या लहान माशांच्या अन्नावर हात मारतात. तीच गत घरातल्या टाकीतल्या सकरमाउथ माशाची आणि लाल कानाच्या कासवाची. नकोसे झाले म्हणून 'मोकळे सोडले' यात मोकळं होतो तो सोडणारा.

काचेची गोष्ट थोडक्यात. जिन्याच्या मोठ्या काचेवर आपटून जूनच्या सुरुवातीला एक नवरंग पक्षी पडला होता. हिरवा, निळा, पोटाशी लाल, तळहातावर मावेल एवढा आणि अजून ऊबदार. पहिल्या पावसाबरोबर येणारा पाहुणा. काचेत समोरच्या झाडाचं प्रतिबिंब दिसतं, त्याला ती काच नसतेच. आम्ही ससाण्याच्या आकाराचं एक स्टिकर लावलं, बुलबूल त्याच्या बाजूनेच आपटला. मग वाचलं की खुणा काचेच्या बाहेरच्या अंगाला आणि एकमेकींपासून पाच सेंटीमीटरच्या आत हव्यात, पूर्ण काचभर. पांढऱ्या पेनने ठिपके काढले, मुलांनीच. दिसायला रांगोळीचे ठिपके काढून कुणी उठून गेल्यासारखं दिसतं. त्यानंतर तिथे पक्षी पडलेला पाहिला नाही.

गच्चीवरचा दिवा मात्र अजून रात्रभर जळतो. पतंग त्याच्याभोवती फिरून फिरून दमतात आणि सकाळी पाली गलेलठ्ठ. खाली तोंड असलेलं झाकण, पिवळसर बल्ब आणि हालचाल झाली तरच लागणारा सेन्सर एवढंच मागतेय मी. सुरक्षेचं कारण पुढे येतं. सेन्सरने अचानक दिवा लागला तर चोर जास्त दचकेल, हे माझं म्हणणं विनोद म्हणून घेतलं गेलं. विषय पुढच्या मीटिंगला आहे.

मध्येच ओळखीच्या एका गटाने वृक्षारोपणाला बोलावलं होतं, शहराबाहेरच्या 'ओसाड' माळावर. गेले. तिथे गुडघाभर गवत होतं, चंडोल वर चढून गात होता, आणि खड्डे त्याच्याच खाली खणलेले. माळ ओसाड नसतो. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना तो झाडांशिवायच लागतो. झाड लावायला हात शिवशिवत असतील तर आधी तिथे काय आहे ते वर्षभर बघावं, असं मी म्हटलं आणि त्या दिवसापुरती नावडती झाले.

बघण्याचं काम मी रविवारी करते. पट्टीसमोरच्या बाकावर पंधरा मिनिटं, ऐकू येईल आणि दिसेल तो प्रत्येक पक्षी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर नोंदवायचा. सवय लागली ती फेब्रुवारीत चार दिवस चालणाऱ्या ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट या पक्षीगणनेमुळे. हा उपक्रम १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाला, भारतातले लोक २०१३ पासून त्यात आहेत, आणि त्याची अट एवढीच की निदान पंधरा मिनिटं बसा. माझी पहिली यादी सहा नावांची होती. कावळा, पारवा, साळुंकी, बुलबूल, घार, पोपट. गेल्या रविवारी एकोणीस झाली. हे सगळं पट्टीचं श्रेय म्हणून मिरवायचा मोह होतो, पण खरं असं की तेव्हा मला तांबटाची टुक्-टुक् ही कुठल्याशा कारखान्याची वाटायची. पक्षी किती वाढले आणि माझे कान किती वाढले, याची फोड करता येत नाही. म्हणून सलग नोंदी ठेवतेय, निदान पुढच्या कुणाला करता येईल.

या आठवड्यात गॅलरीतल्या कढीपत्त्याची खालची फांदी साफ झाली. वरच्या दोन फांद्यांवर मिळून नऊ अळ्या, पानं मोजून तीस-पस्तीस. हिशेब जमेना. वरच्या मजल्यावरच्या काकूंचा कढीपत्ता चांगला छातीभर उंच, भरगच्च आहे. फोन करायला दोन दिवस लावले. काल सकाळी सातला पानांसकट चार अळ्या एका ताटलीत घेऊन जिना चढले. काकूंनी दार उघडलं, चष्मा लावला, एकेक निरखून पाहिली. "यांच्या त्या बारीक माश्या नाहीत ना आल्या बरोबर?" मी म्हटलं, आल्या असतील तर कळायला पंधरा दिवस लागतील. त्यांनी ताटली हातात घेतली आणि गॅलरीकडे वळता वळता म्हणाल्या, "चारच हं. पाचवी आणलीस तर परत पाठवीन."